रेवतीबाईंचा राखीव कान

आमच्या इमारतीत मला "जरा मोठ्यानं बोला" असं सांगणारं एकच माणूस होतं. बाकी सगळे उलट सांगायचे. मुलगा म्हणायचा, "बाबा, हळू." सून म्हणायची, "बाबा, भिंती पातळ आहेत." नात इंग्रजीत सांगायची, "आजोबा, इनसाइड व्हॉइस!" म्हणजे घरात वापरायचा आवाज वेगळा आणि बाहेरचा वेगळा. असली दोन आवाजांची चैन मला कधी परवडली नाही. कराडजवळ माझी पिठाची गिरणी होती. पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, आणि समोरच्या बाईला विचारायचंय की दळण बारीक पाहिजे का भरड, तर आवाज छातीतून काढावा लागतो. जन्मभर तसाच काढला. कॅनडाला येताना तो काही विमानतळावर जमा करून आलो नाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातही गुरुजी मला मागच्या बाकावर बसवत, कारण मी तिथून बोललो तरी पुढच्यांना पुरायचं.

तर दोन हजार सोळाचा हिवाळा असेल. नॉर्थ यॉर्कातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट. मी मुलाला सांगत होतो की इथला ब्रेड करणारा माणूस आयुष्यात कधी पिठाच्या जवळून गेलेला नसणार. मुलगा नेहमीसारखा माझी बाही ओढत होता. कोपऱ्यात एक बाई उभ्या होत्या, पन्नाशीच्या आतबाहेर, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी, पाठीला सॅक. त्या गर्रकन वळल्या आणि ओरडल्या, "अहो! मला तुमचं सगळं ऐकू आलं!"

मुलगा म्हणाला, "सॉरी हं."

"सॉरी कशाला? बोला ना! मोठ्यानं बोला! ब्रेडचं काय म्हणत होतात?"

आमचा मजला आला. बाईंचा मजला पुष्कळ वर होता, पण त्या आमच्याबरोबरच उतरल्या, कॉरिडॉरमध्ये उभं राहून ब्रेडचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, टाळी दिली, आणि मग वर गेल्या. मी मुलाकडं पाहिलं. मुलगा भिंतीकडं पाहत होता.

या रेवती साठे. मूळच्या नाशिकच्या. शिकून शिकून डॉक्टर झालेल्या, पण गोळ्या देणाऱ्या नव्हेत. त्यांच्या कानांची तऱ्हा अशी होती की बारीक आवाज गेलेले आणि जाडे तेवढे शिल्लक. घराण्यातच होतं म्हणे, तिशीनंतर उतरणीला लागलं. पाखरं, फोन, शिट्टी, पोरंबाळं, बायकांचं बोलणं, हे त्यांच्या लेखी बंद झालेलं. बर्फ ढकलणारी गाडी, ढोल, मोठा ट्रक आणि मी, एवढे चालू. त्या लोकांचे ओठ वाचायच्या, त्यात भलत्या तरबेज. समोरच्याचा विनोद संपायच्या आत हसून मोकळ्या व्हायच्या. जे अजिबात कळायचं नाही त्याला "अगदी!" ठोकून द्यायच्या. या एका शब्दापायी त्या मराठी मंडळाच्या चिटणीस झाल्या होत्या. कुणीतरी गर्दीत विचारलं, बाई म्हणाल्या, "अगदी!" आणि मग सगळे टाळ्या का वाजवताहेत ते त्यांना घरी गेल्यावर कळलं.

आमच्याकडं आल्या की तळहात टेबलावर पसरून बसायच्या. मी बोललो की टेबल थरथरतं म्हणे. "काका, तुमचा आवाज मला हातालासुद्धा येतो," असं म्हणायच्या आणि सुनेकडं विजयानं पाहायच्या. मीही पाहायचो.

त्यांचं काम काय, ते मला त्यांनीच समजावलं, म्हणून मला समजलं. कान पार गेलेल्या माणसाला एक यंत्र बसवतात. त्याची एक तार कानाच्या अगदी आत सरकवायची असते. तिथं वाटाण्याएवढा एक शंख असतो, गोगलगाईचा असतो तसा वेटोळा. तार मऊ, रबरासारखी, तिच्यावर धातूचे ठिपके. ते ठिपके ऐकण्याच्या नसेला विजेच्या टिचक्या मारतात आणि माणसाला ऐकू येतं. इथवर ठीक. पण तार परकी. शरीर तिच्याभोवती सूज धरतं, मग आत कडक व्रण धरतो, आणि त्या धांदलीत माणसाचं जे थोडंफार मूळचं ऐकणं उरलेलं असतं ते पुष्कळदा जातं. म्हणून त्या तारेवर औषधाचा पातळ लेप द्यायचा. तो आत गेल्यावर हळूहळू औषध सोडणार आणि सूज धरू देणार नाही. तो लेप तयार करणं हे रेवतीबाईंचं काम.

"असं बघा काका," त्या आमच्या टेबलाशी म्हणाल्या, "तार म्हणजे नवी सून. शरीर म्हणजे सासू. लेप म्हणजे मधला माणूस. आता मधल्या माणसानं पहिल्याच दिवशी सगळं बोलून टाकलं तर पुढं काय? त्यानं थोडं थोडं, महिनोन् महिने बोलत राहायला पाहिजे. आमचा मधला माणूस पहिल्या आठवड्यातच सगळं ओकून मोकळा होतो."

माझी सून तिथंच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "हा लेप सासऱ्यांना तोंडानं देता येतो का?"

बाईंनी तिचे ओठ वाचले आणि इतक्या हसल्या की टेबल माझ्याशिवाय थरथरलं. मी लक्ष दिलं नाही.

आता खरी गोम. डॉक्टर रेवतीबाईंनाच केव्हापासून सांगत होते की यंत्र बसवून घ्या, उशीर करू नका. बाईंचं म्हणणं, बसवीन, पण माझ्या लेपाची तार. साधी तार नको. साध्या तारेनं बारीक आवाज येतील, पण माझे जाडे आवाज जायचे, आणि तेवढेच माझ्याजवळ आहेत. "आहे ते देऊन टाकायचं आणि नवं घ्यायचं, असं का? मला दोन्ही पाहिजेत," असं त्या प्रत्येक डॉक्टरला ठणकावून सांगत. आणि लेप तर तयार नव्हता. तो होईस्तोवर बाई थांबल्या होत्या आणि कान काही थांबत नव्हते. दर वर्षी थोडं थोडं खाली चाललं होतं.

याचा सगळ्यात जास्त ताप कुणाला, तर मुकुंदरावांना. म्हणजे त्यांच्या यजमानांना. कॉम्प्युटरवाले, सज्जन, पण आवाज शिवणाच्या दोऱ्यासारखा. बायकोला तो मुळीच ऐकू येत नसे. संसार ओठ वाचून चालला होता, आणि मुकुंदरावांनी राखली होती झुपकेदार मिशी. बाईंनी ती काढायला सांगितली तर ते नाही म्हणाले. म्हणजे तसं म्हणाले असावेत. मिशीमुळं बाईंना दिसलं नाही.

एका रविवारी मुकुंदराव आमच्या दारात. "काका, जरा वर येता का? तिला एक सांगायचं आहे."

मी वर गेलो. बाई ओट्याशी उभ्या, मुकुंदराव सोफ्यावर, मी मधे.

मुकुंदराव म्हणाले, "तिला सांगा, मला तिच्याशी बोलायचं असतं."

मी सांगितलं. "तो म्हणतो, मला तुमच्याशी बोलायचं असतं!" हे आमच्या मजल्यापर्यंत पोचलं असणार.

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मग बोल म्हणावं! मी कुठं अडवलंय?"

"सांगा की मी रोज बोलतो. तिला ऐकू येत नाही."

"तो म्हणतो..."

"कळलं. मिशी काढ म्हणावं."

मुकुंदराव यावर आणखी हळू काहीतरी पुटपुटले. मी विचारलं, "हे सांगू?" ते घाईनं म्हणाले, "नको, नको."

"काय म्हणाला? काका, काय म्हणाला तो?"

"तो म्हणाला, भाजी झकास झालीय."

"थापा! भाजी अजून मी फोडणीला टाकलीच नाही!"

तिघंही हसत सुटलो. मग मुकुंदराव एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "तिला सांगा, ऑपरेशन करून घे. साध्या तारेनं का होईना. माझं म्हातारपण मला तुझ्याशी बोलत काढायचंय." मी तेही सांगितलं, शब्दाला शब्द. फक्त आवाज जरा आपोआप खाली आला. कारण साधी तार बसली आणि जाडे आवाज गेले, तर पहिला जाणार तो माझा, हे मलाही कळत होतं.

बाई उलथनं हातात घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्याला सांगा, एवढा लेप होऊ दे. मग तुझं मागचं राहिलेलंसुद्धा सगळं ऐकते."

त्यांचा लेप का होत नव्हता, ते ऐकाल तर तुम्हालाही हसू येईल. त्याला काटा यायचा. आता मराठी माणसाला काटा म्हटलं की संक्रांतीचा हलवा आठवणार. तिळावर साखरेचा पातळ पाक थेंब थेंब सोडायचा, मंद आचेवर बोटांनी हलवत राहायचं, पुटावर पूट चढवायचं, मग दाण्यावर पांढरा काटा उभा राहतो. रेवतीबाई दर जानेवारीत हलवा करायला बसायच्या, आणि त्यांचा हलवा गारगोटीसारखा गुळगुळीत व्हायचा. उलट प्रयोगशाळेत, जिथं लेप आरशासारखा सपाट पाहिजे, तिथं त्याचे गोळे होऊन त्यावर सुरेख काटे उभे राहायचे. असली काटेरी तार कानात सरकवली तर आत ओरखडेच ओरखडे.

"तिकडं काटा आला तर साहेब चिडतो," बाई म्हणायच्या, "आणि इकडं काटा नाही आला तर सासरची माणसं. मी चुकीच्या ठिकाणी हुशार आहे हो काका!"

त्या वर्षी मंडळानं हलव्याची स्पर्धा ठेवली आणि नेमका बर्फाच्या वादळाचा इशारा आला. गाड्या काढू नका, हलव्याचे फोटोच पाठवा, बक्षीस पुढच्या शनिवारी हॉलमध्ये, असं ठरलं. बाईंनी ओट्यावरून एका हातानं फोटो पाठवला. पुढच्या शनिवारी मुलगा मलाही घेऊन गेला. परीक्षक होत्या एटोबिकोच्या इनामदार आजी. कॅनडात मराठी माणूस औषधालासुद्धा मिळत नव्हता तेव्हा आलेल्या, जन्मभर डॉक्टरकी केलेल्या, कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या. त्यांनी माइक हातात घेतला.

"बाकीच्या बायकांनी वाईट वाटून घेऊ नये," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही सगळ्यांनी साखरेचे खडे पाठवलेत. हलवा एकीनंच केलाय. असा उभा, एकसारखा काटा मी माझ्या आजीनंतर पाहिला नव्हता. आणि काळ्या ताटात मांडायचं सुचलं, ही दृष्टी बघा! पहिलं बक्षीस, रेवती साठे."

टाळ्या पडल्या. रेवतीबाईही उत्साहानं टाळ्या वाजवत होत्या. शेजारणीनं काहीतरी विचारलं, त्यांनी "अगदी!" म्हणून टाकलं. शेवटी मुकुंदरावांनी त्यांना ढकलत ढकलत स्टेजवर पाठवलं. तिथं मागं पडद्यावर फोटो लावला होता, हत्तीएवढा मोठा. बाईंनी वळून पाहिलं आणि किंचाळल्या, "अहो, हा माझा नापास लेप आहे!"

सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला, काळापांढरा. फोनमध्ये दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते.

इनामदार आजींना काही बोध झाला नाही. "नापास कुणी केला? पाकात काय घातलंस ते सांग."

"सिलिकॉन! आणि स्टेरॉईड!"

"वेलदोडा नाही?"

"आजी, ही कानात घालायची तार आहे!"

हॉल खदखदायला लागला होता. आजींनी चष्मा वर केला, पडदा पुन्हा निरखला. "काटा खरा आहे ना?"

"खरा आहे! तोच तर घोळ आहे!"

"मग घे बक्षीस. स्पर्धा काट्याची होती, खाण्याची नव्हे." आणि स्टीलचा डबा बाईंच्या हातात कोंबला. रेवतीबाई स्टेजवर खाली बसून हसल्या. सोमवारी तो डबा घेऊन कामावर गेल्या आणि साहेबाला म्हणाल्या, आपल्या लेपाला अखेर कुठंतरी मान्यता मिळाली.

पण खरा हलवा जमेना हे त्यांच्या मनाला लागलं होतं. पुढच्या जानेवारीत एका शनिवारी दुपारी त्या हट्टानं बसल्या. मुकुंदराव ग्रोसरीला गेलेले. पाक करपला, धूर झाला. इथं आपली माणसं हटकून करतात तेच बाईंनी केलं. धूर जावा म्हणून एकीकडं बाल्कनीचं दार उघडलं आणि दुसरीकडं कॉरिडॉरचं. कॉरिडॉरचं दार कधी उघडायचं नसतं. तिथं छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. सगळ्या इमारतीत अलार्म कोकलायला लागला. त्याचा आवाज बारीक, टोचणारा. झाडून सगळी माणसं जिन्यानं खाली, कोण पायजम्यात, कोण टॉवेलात, कुणाच्या काखेत मांजर. मी दोन स्वेटर आणि सुनेची शाल पांघरून बर्फात उभा. बंब आला, हेल्मेटवाले कुऱ्हाडी घेऊन आत पळाले.

तेवढ्यात मुकुंदराव पिशव्या घेऊन आले. गर्दीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. "रेवती कुठाय? रेवतीला कुणी पाहिलं का?" त्यांचा आवाज अलार्मपुढं कुणाला ऐकू जायला? मी ऐकला, कारण ते माझ्या शालीला धरून उभे होते. आत जायला निघाले तर दारावरच्या माणसानं सोडलं नाही. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. मी मागं सरकलो, मान वर केली, आणि गिरणीत पट्टा तुटल्यावर ओरडायचो तसा ओरडलो, "रेवतीबाईऽऽ!"

अलार्म चालू, बंबाचं इंजिन चालू, आणि वर बाल्कनीत बाई प्रकट झाल्या. कपाळाला साखर, दोन्ही हात पाकानं पांढरे. खाली सगळी इमारत बर्फात उभी आहे हे त्यांनी पाहिलं आणि हात हलवला. "काय काका? वर या! काटा आला!"

हेल्मेटवाले त्यांच्या घरात शिरले तेव्हा बाई कढईपाशी परत बसलेल्या होत्या. आपणच वाजवलेला अलार्म आपल्यालाच ऐकू आला नव्हता, हे त्यांना त्या माणसांच्या ओठांवरून कळलं. त्यांनी सगळ्यांना हलवा दिला. एकानं जाड हातमोजा काढून दाणा तोंडात टाकला आणि म्हणाला, "शार्प!" या शेऱ्यावर बाई पुढं महिनाभर खूष होत्या.

खाली लॉबीत आल्या तर मुकुंदराव सोफ्यावर बसलेले, मांडीवर पिशव्या, तोंडावर हात.

"काय म्हणतोय तो?" बाईंनी मला विचारलं.

"काही म्हणत नाहीत," मी म्हटलं. "रडताहेत."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. हात पाकानं चिकट, म्हणून कोपरानं त्यांना ढोसलं. मग बाईंनी सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "एक कान. उजवा. साधी तार बसवा. पण डावा माझ्या लेपासाठी राखीव. त्याला कुणी हात लावायचा नाही."

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर यंत्र चालू करतात. त्या दिवशी दोघं दवाखान्यातून थेट आमच्याकडं. बाईंच्या कानावर यंत्र आणि डोक्याला लोहचुंबकानं चिकटलेली चकती, तिला त्यांनी आल्या आल्या टिकली म्हणायला सुरुवात केली होती. मुकुंदरावांकडं बोट दाखवून म्हणाल्या, "काका, याला आवाज आहे!"

"कसा आहे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि खुर्चीवरून घसरल्या. "बदक! काका, तुम्ही बदक झालात! पुन्हा बोला!"

सुरुवातीला असंच ऐकू येतं, मेंदूला सवय व्हावी लागते, असं मुकुंदरावांनी समजावलं. पण ज्या आवाजानं पंचक्रोशीची दळणं सांभाळली त्याला बदक? मी बोलणंच बंद केलं. बाई रोज दार वाजवून सुनेला विचारायच्या, "बदक आहे का घरात?" शेवटी मीच कंटाळून बोललो. काही आठवड्यांनी म्हणाल्या, आता तुम्ही बेडकापर्यंत आलात. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मला माणसात घेतलं.

बारीक आवाजांनी बाईंना वेडच लावलं. पिशवीची चुरचुर, मायक्रोवेव्हची पिपाणी, फुटपाथवरच्या मिठावर बूट पडला की होणारी करकर. ती करकर ऐकायला त्या रस्त्यावर एकाच जागी पाय आपटत उभ्या राहायच्या. ती चकती वेळी-अवेळी कशालाही चिकटायची. एकदा ग्रोसरीत वाकल्या आणि ढकलगाडीलाच चिकटल्या, दुकानभर ओरडल्या, "मुकुंद, मला सोडव!" आणि मुकुंदराव जेवताना मचमच आवाज करतात, हा शोध त्यांना लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर लागला. त्यावरून त्यांचं भांडण झालं. मी मधे नसताना झालेलं पहिलंच. त्यांच्या दोघांच्या चढलेल्या आवाजाबद्दल तक्रार आली, आणि मुकुंदरावांनी ती बक्षीस मिळाल्यासारखी मला आणून दाखवली.

आणि उजव्या कानातले मूळचे जाडे आवाज? ते सुरुवातीला टिकले होते. बाई अधूनमधून यायच्या, यंत्र काढायच्या, डाव्या कानात बोळा घालायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बोला." मी बोललो की बोट वर करायच्या. आधी बोट चटकन वर जायचं. मग जरा विचार करून जायला लागलं. मग एका दुपारी मी बोललो, पुन्हा बोललो, उभा राहून ओरडलो, सून स्वयंपाकघरातून धावत आली, आणि बोट काही हललं नाही.

बाईंनी डोळे उघडले. माझं तोंड उघडं होतं त्यावरून त्यांना समजलं. तळहात टेबलावर तसाच पसरलेला होता. म्हणाल्या, "हाताला आलं. कानाला नाही."

आता बोलून उपयोग नव्हता. सुनेनं चहा ठेवला. तो निवेपर्यंत रेवतीबाई हसल्या नाहीत. एवढा वेळ त्या न हसता बसलेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. मग यंत्र लावलं, टिकली चिकटवली, आणि म्हणाल्या, "मी सांगतच होते ना सगळ्यांना? सूज, मग व्रण. आता माझाच कान माझ्या बाजूनं साक्षीला आला. बघतेच आता त्या लेपाकडं."

आणि बघितलंच. एका संध्याकाळी माझ्यासमोर फोन नाचवत आल्या. फोटोत तार अशी सपाट की हात फिरवावासा वाटावा. "एक काटा नाही, काका! इनामदार आजी मला मंडळातून काढणार!" औषधही आता दमादमानं सुटत होतं. पुढं माणसांवर तपासून पाहायची परवानगी मिळाली. ते काम ओटावाच्या एका हॉस्पिटलात होणार होतं, म्हणून साठे मंडळी तिकडं निघाली.

मी विचारलं, "म्हणजे आता तुमच्या डाव्या कानात घालणार?"

"छे! करणाऱ्यानं आधी स्वतःला घालून घ्यायचं नसतं. आधी दुसऱ्यांच्या कानात, मग काही वर्षं बघणार, मग सगळ्यांसाठी निघेल, तेव्हा माझा नंबर."

"आणि तोवर डावा कान थांबला नाही तर?"

"थांबेल," बाई म्हणाल्या.

"पण समजा..."

"काका, कान माझा आहे. थांबेल म्हटलं ना."

असल्या स्वभावाशी वाद घालता येत नाही, हे मला स्वतःवरून ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी मार्च लागला होता. इमारतीच्या मागं हिवाळाभर ढकललेल्या बर्फाचा मळकट डोंगर. मुकुंदरावांनी सामानासाठी भाड्यानं भलामोठा ट्रक आणला होता. मोटारीपेक्षा मोठं वाहन त्यांनी कधी चालवलेलं नव्हतं. ते मागं घेत होते आणि रेवतीबाई मागं उभं राहून हातवारे करत होत्या. ट्रक रिव्हर्सला टाकला की तो ओरडतो, पीप, पीप, पीप. बाईंनी हा आवाज कधी ऐकलेला नसावा, किंवा फार वर्षांमागं ऐकलेला असावा. त्यांचा हात हवेत थांबला. मान डुलायला लागली. मग खांदे. मग हातात हातमोजे, डोक्यावर टिकली, आणि बाई ट्रकच्या तालावर नाचायला लागल्या. मुकुंदराव आरशात बघून तो नाच म्हणजे खुणा समजत होते. बाईंचा हात डावीकडं गेला की ट्रक डावीकडं, उजवीकडं गेला की उजवीकडं.

"बाई, ट्रक!" मी ओरडलो.

"काका, इकडं या! डाव्या बाजूला उभे राहा! बोला!"

"अहो बाई, बाजूला व्हा, ट्रक येतोय!"

"तो येतोय उजव्या कानात! तुम्ही डाव्यात बोला!"

मी त्यांची बाही धरून ओढली, तशा त्या माझ्याबरोबर बाजूला आल्या, नाच न थांबवता. ट्रक शांतपणे मागं गेला आणि बर्फाच्या डोंगरात मागच्या चाकांपर्यंत रुतला. तरी पीप पीप चालूच. मुकुंदराव खिडकीतून डोकं बाहेर काढून काहीतरी म्हणाले आणि किल्लीकडं वळले.

"बंद करू नकोस!" बाई ओरडल्या. त्यांनी डोळे मिटले होते. उजवा कान ट्रककडं, डावा माझ्याकडं. "काका, तुम्हीही थांबू नका."

मी थांबलो नाही. काय बोललो ते आता आठवत नाही. ट्रक निघेपर्यंत बोलत होतो.